फाईल द्यायचीय? मग आवाज करून द्या

तहसील ऑफिससमोरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा, काउंटरवर एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला असतोच, "प्रिंटसाठी या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा". मग लोक नंबर सेव्ह करतात, हाय टाकतात, आणि आधार, पॅन, सातबारा, पोराचा शाळा सोडल्याचा दाखला, जे काय असेल ते पाठवून मोकळे होतात. आतला मुलगा व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून बसलेला असतो, तो विचारतो "शेवटचे चार आकडे कुठले?", आणि त्याच्या मॉनिटरवर डाव्या बाजूला सकाळपासून आलेल्या सगळ्यांची यादी उघडी असते, नंबर, डीपी, त्याखाली "आई आधार.पीडीएफ", "सॅलरी स्लिप मार्च.पीडीएफ", आणि रांगेतले लोक मान वाकडी करून ते वाचत असतात कारण रांगेत दुसरं करायला काय असतं. प्रिंट निघते, पैसे जातात, माणूस घरी जातो. फाईल तिथेच राहते. दुकानाच्या फोनमध्ये एक, कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये एक, आणि वरून आपला मोबाईल नंबर फुकटात.

आता व्हॉट्सअ‍ॅपला शिव्या घालायचा माझा इरादा नाही, मेसेज वाटेत एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाही, हे मान्यच आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. दोन मशिन्स एकमेकांपासून दोन हातांवर आहेत, मधे फक्त काउंटरची काच आहे, आणि तरी फाईल द्यायला आपल्याला इंटरनेट लागतं, दोघांचं अकाउंट लागतं, आणि ज्याचं नावसुद्धा माहीत नाही त्या माणसाला कायमचा नंबर द्यावा लागतो, हे आपण इतकं सहज कसं काय मान्य केलंय? 2022 च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयातून एक सूचना निघाली होती, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार वापरा, सायबर कॅफेत डाउनलोड केलंत तर कॉपी डिलीट करून या. बोंबाबोंब झाली आणि दोनच दिवसांत सरकारने ती मागे घेतली, म्हणे लोकांचा गैरसमज होईल, नेहमीसारखं तारतम्य बाळगा. तारतम्य बाळगायला हरकत नाही हो, पण काउंटरवर उभा असलेला माणूस ते बाळगणार कसं, त्याच्यापुढे दुसरा रस्ता ठेवलाय कुणी?

तर माझं म्हणणं असं की जवळजवळच्या दोन मशिन्सची ओळख आवाजाने करून द्यावी, फाईल तिथल्या तिथे लोकल वायफायवरून जावी, आणि तो आवाज माणसाला ऐकू यावा. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका त्यावरच बहुतेक कंपन्यांचा विरोध असतो, त्यांना सगळं गुपचूप, कानाला न कळता हवं असतं. त्याकडे येतोच.

आवाजातून डेटा पाठवणं ही काय नवी जादू नाही. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरची पाचसात वर्षं ज्यांनी डायल-अप वापरलंय त्यांना मॉडेमची ती किंचाळी अजून आठवत असेल, ती म्हणजे दोन मॉडेम एकमेकांशी बोलत होते, फक्त टेलिफोनच्या तारेतून. त्याच्याही आधी घरगुती कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर मिळायचे. आता तार काढून टाका आणि एका फोनचा स्पीकर नि दुसऱ्याचा माईक समोरासमोर धरा, झालं. जॉर्जी गेर्गानोव्ह नावाच्या बल्गेरियन प्रोग्रॅमरने जीजीवेव्ह नावाची एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येईल असा तयार कोड, लिहून ठेवलीय, तिच्यात अक्षरांचे सूर होतात, मधे थोडा गोंगाट झाला तरी चूक दुरुस्त करायची सोय आहे, आणि ती कुठल्याही फाटक्या फोनवर चालते. 2025 च्या सुरुवातीला दोन एआय एजंट फोनवर बोलता बोलता माणसाची भाषा सोडून टुकटुक आवाजात बोलायला लागले असा व्हिडिओ फिरत होता बघा, तो याच लायब्ररीवर होता. लोक घाबरले की मशिन्सनी गुप्त भाषा काढली. गुप्त कसली, तीच लायब्ररी असलेलं अ‍ॅप शेजारी धरलं तर सगळं स्क्रीनवर वाचता येतं.

आणि इथेच बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही म्हणून तो सुरक्षित, असं मांडलेलं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय, आणि ते अर्धवट आहे. खोलीत आवाज राहतो हे खरं, पण खोलीत माणसंही असतात, त्यांच्या खिशात फोन असतात, कोपऱ्यात माईकवाला सीसीटीव्ही असतो. आवाज हे गुपित ठेवायचं माध्यम नाहीच. तो चांगला आहे तो "हा समोरचाच आहे ना" हे पटवायला.

जरा हिशोब मांडू म्हणजे कळेल. जीजीवेव्हचा वेग सेकंदाला 8 ते 16 बाईट. सोळा धरले तरी 2 एमबीचा स्कॅन केलेला पीडीएफ जायला साधारण 36 तास लागतील, म्हणजे आज दुपारी सुरू केलं तर उद्या मध्यरात्रीपर्यंत दुकानात किर्रकिर्र चालू. म्हणून आवाजाने अख्खी फाईल पाठवायची कल्पनाच सोडून द्यायची. पण आजकाल एन्क्रिप्शनमधे बऱ्याचदा जी पब्लिक की (ती काय ते पुढे सांगतो) वापरतात ती असते 32 बाईटची. तेवढी जायला लागतात दोन सेकंद. बास, खेळ एवढ्यात आहे. दोन सेकंदांची चिवचिव, बाकी सगळं वायफायवर.

दुकानात ते कसं चालेल ते सांगतो. मुलगा कॉम्प्युटरवर बटण दाबतो, साध्या दोनशे-तीनशे रुपयांच्या स्पीकरमधून टुर्रर्र वाजतं, त्या आवाजात कॉम्प्युटरची पब्लिक की असते. ही की म्हणजे उघडं कुलूप समजा, ते कुणालाही दाखवा, कुणीही आपली पेटी त्याने बंद करू शकतो पण उघडायची चावी फक्त कॉम्प्युटरच्या पोटात. तुमच्या फोनने ते कुलूप ऐकलं, फाईल त्याने बंद केली आणि वायफायवरून सोडली. आता वायफायवर कुणी टपून बसला असेल तर त्याला कचरा मिळेल, रांगेतल्या कुणी आवाज रेकॉर्ड करून ठेवला असेल तर त्याच्याकडे फक्त उघडं कुलूप, त्याचा काही उपयोग नाही. नंबर द्यायचा नाही, हाय टाकायचं नाही, अकाउंट नाही, इंटरनेट बंद असलं तरी चालतंय. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, दुकानातल्या पीसीला बऱ्याचदा माईक नसतो, कॅमेरा तर नसतोच, पण या पद्धतीत त्याला नुसता स्पीकर पुरतो, ऐकायचं काम फोनचं. आवाजाने ओळख करून देऊन मग फाईल लोकल नेटवर्कवर पाठवायची हे गेर्गानोव्हने वेव्ह-शेअर नावाच्या प्रयोगात ब्राउझरमधेच करून दाखवलंय, म्हणजे मी हवेतल्या गप्पा मारत नाहीये.

आता कुणी म्हणेल जवळच्या फोनला फाईल द्यायला अँड्रॉइडचं क्विक शेअर आहे की, आयफोनचं एअरड्रॉप आहे की. आहेत, आणि चांगले आहेत, पण गर्दीत वापरून बघा. पाठवायला गेलं की स्क्रीनवर यादी येते, त्यात दोन रेडमी नोट, एक गॅलेक्सी, एक "डेस्कटॉप" पुढे काहीतरी अगम्य इंग्रजी अक्षरं नि आकडे, आणि कुणीतरी आपल्या फोनला "बाप्पा मोरया" नाव दिलेलं. यातलं दुकानाचं कुठलं? विचारायचं, तो सांगेल ते दाबायचं. शेजारच्या टपरीवरच्या एखाद्या पोराने आपल्या फोनला दुकानाचं नाव दिलं तर तुमचं आधार त्याच्याकडे जाईल, एन्क्रिप्ट होऊन, अगदी सुरक्षितपणे, चुकीच्या माणसाकडे. आपल्याकडे सिक्युरिटी म्हटलं की सगळे वाटेवरच्या चोराबद्दल बोलतात, पण जवळच्या जवळ फाईल देताना खरा प्रश्न समोर कोण आहे हाच असतो. शेअरइट आणि झेंडर हे जवळच्या जवळ फाईल पाठवायचे प्रोग्रॅम 29 जून 2020 ला ज्या 59 अ‍ॅप्सवर बंदी आली त्यात गेले, त्याआधी गावोगाव पिक्चर आणि गाणी त्यावरच फिरायची, आणि त्यांची जागा भरायला काय द्यायचं याचा विचार बंदी घालणाऱ्यांनी केला असं निदान मला तरी दिसलं नाही. लोक मग सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर गेले, समोरच्या बाकावर बसलेल्याला सुद्धा.

क्यूआरचं काय, हा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर क्यूआर दाखवला आणि फोनने स्कॅन केला तर हेच काम होतं, तीच 32 बाईटची की त्यात बसते, आणि लोकांना स्कॅन करायची सवय यूपीआयने लावलेलीच आहे. जिथे स्क्रीन गिऱ्हाईकाकडे वळवता येते तिथे क्यूआर वापरा, खुशाल वापरा. पण दुकानदार मॉनिटर वळवत नाही, तो कागदावर छापून चिकटवतो, आणि चिकटवलेल्या क्यूआरवर रात्रीतून दुसरा स्टिकर लावून पैसे वळवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. आवाज त्या क्षणी वाजतो, तो आधीपासून चिकटवून ठेवता येत नाही. शिवाय ज्याला दिसत नाही त्याने क्यूआर कसा शोधायचा? कॅमेरा फुटलेला फोन? आणि वर्गात चाळीस मुलांना एक फाईल द्यायचीय तर चाळीस जणांनी उठून स्क्रीनपाशी यायचं, का सरांनी एकदा टुर्रर्र वाजवायचं नि चाळीस फोननी जागेवरून ऐकायचं? जर्मनीत डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी पेअरसोनिक नावाचं अ‍ॅप केलंय ते याच विचाराने, समोरासमोर जमलेल्या ग्रुपला एकमेकांचे कॉन्टॅक्ट खात्रीने देता यावेत, प्रत्येकाने प्रत्येकाचा कोड स्कॅन करत बसायला नको.

बरं, आता ऐकू येण्याचा मुद्दा.

माणसाचा कान फारतर 20 किलोहर्ट्झपर्यंत (आकडा जितका मोठा तितका सूर वरचा) ऐकतो, तेही लहानपणी, वय वाढेल तसे वरचे सूर जायला लागतात. फोनचा माईक मात्र त्या पट्ट्यात ऐकू शकतो, म्हणून कंपन्यांनी 18 ते 20 किलोहर्ट्झची जागा पकडली, डेटा जातो आणि मोठ्या माणसाला पत्ता नाही (लहान पोरं आणि कुत्री कान टवकारतात, पण त्यांना कोण विचारतो). दिसायला हे सोयीचं वाटतं. पण अशा न ऐकू येणाऱ्या आवाजात काय काय झालंय ते बघा. सिल्व्हरपुश ही आपल्याच देशातली कंपनी, टीव्हीवरच्या जाहिरातीत ऐकू न येणारा सूर घालायचा आणि फोनमधल्या अ‍ॅपने माईकवरून तो ऐकून कोण काय बघतंय ते कळवायचं असं तिचं तंत्रज्ञान. मार्च 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते वापरणाऱ्या 12 अ‍ॅपवाल्यांना तंबीची पत्रं पाठवली. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या संशोधकांना असे सूर ऐकू शकणारी 234 अँड्रॉइड अ‍ॅप्स सापडली. त्याच वर्षी चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की कानाला न कळणाऱ्या आवाजात हुकूम सोडून फोनच्या व्हॉइस असिस्टंटकडून काम करून घेता येतं, मालक शेजारी उभा असतानाही.

म्हणजे जो आवाज मला ऐकू येत नाही तो कुणी सोडला हेही मला कळत नाही. वर सांगितलेल्या पद्धतीत एकच मोठं भोक आहे, दुकानाच्या कॉम्प्युटरऐवजी दुसऱ्याच कुणी आपलं कुलूप वाजवलं तर? आवाज ऐकू येणारा असेल तर दुकानात दोनदा टुर्रर्र वाजेल, किंवा भलत्या दिशेने वाजेल, आणि दहातले आठ लोक मान वळवतील, अरे हा कुणाचा? फोनलाही दोन आवाज आले तर थांबून पुन्हा मागता येतं. न ऐकू येणाऱ्या आवाजात ही सगळी पाळत फोनवर सोडायची, माणूस त्यातून बाद. म्हणून मी म्हणतो की ऐकू येणं ही नुसती सभ्यता नाही, ते कुलपाचाच भाग आहे. वर आणि एक व्यवहारी गोष्ट, स्वस्त फोनचे स्पीकर त्या वरच्या पट्ट्यात मार खातात, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तेच व्यवस्थित वाजतात, आणि आपल्या देशात स्वस्त फोनच जास्त.

गोंगाट होईल म्हणता? अहो, वाण्याच्या दुकानात बॉक्स दर मिनिटाला "सत्तावीस रुपये प्राप्त हुए" ओरडतोय आणि आपण तो सहन करतोय, नव्हे दुकानदाराला तो हवाच आहे, कारण खोटा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यांना त्याने चाप लावला. आवाजावर लोकांचा विश्वास बसतो हे आपल्या बाजारात सिद्ध झालंय. हॉस्पिटलात, लायब्ररीत, रात्रीच्या ट्रेनमधे नको असेल आवाज तर तिथे क्यूआर दाखवा, एका पद्धतीने जग चालवायचा माझा हट्ट नाही.

मग आजवर हे आलं का नाही? आलं होतं, पैशांच्या बाबतीत तर आलंच. सप्टेंबर 2017 मध्ये गुगलने तेझ (आजचं गुगल पे) काढलं त्यात कॅश मोड होता, दोन फोन जवळ आणा, ऑडिओ क्यूआरने, म्हणजे आवाजातल्या खुणेने, एकमेकांना ओळखतील, पैसे जातील, नंबर द्यायची गरज नाही. छान होतं. पण लोकांच्या हाताला लागला तो छापलेला क्यूआर. 8 मार्च 2022 ला रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय 123पे सुरू केलं, त्याच्या चार पर्यायांत एक आवाजाने जवळच्या मशिनला पैसे द्यायचा आहे, बंगळुरूची टोनटॅग नावाची कंपनी त्यात आहे. इंग्लंडची चर्प नावाची कंपनी नेमकं हेच करायची, 2020 मध्ये स्पीकर बनवणाऱ्या सोनॉसने विकत घेतली. गुगलने अ‍ॅप बनवणाऱ्यांना नियरबाय मेसेजेस म्हणून सोय दिली होती, त्यातही जवळचा फोन ओळखायला न ऐकू येणारा आवाज होता, ती 2023 च्या शेवटी बंद. मला यात एक गोष्ट दिसते, प्रत्येकाचा सूर वेगळा, प्रत्येकाचा खाजगी, एका कंपनीच्या फोनचा आवाज दुसऱ्याला कळत नाही, आणि मालकाचा मूड गेला की सूरही गेला.

क्यूआरचंही आधी असंच होतं, विसरलो आपण. एका दुकानात तीन कंपन्यांचे तीन क्यूआर, याचा त्याला चालत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की आता नवे खाजगी क्यूआर काढायचे नाहीत आणि मार्च 2022 अखेर सगळ्यांनी एकमेकांना चालणाऱ्या क्यूआरवर यायचं. म्हणजे मनात आणलं तर होतं. फाईल देण्याघेण्याच्या आवाजाला असंच एक उघडं मानक हवं, कुणीही वाचू शकेल, कुणीही अ‍ॅप बनवू शकेल, सूर कुठला, लांबी किती, की कशी पाठवायची सगळं छापलेलं. आणि त्यात माईकबद्दल स्पष्ट अट हवी. आज अ‍ॅपला माईकची परवानगी दिली की दिली. फोनवर हिरवा नाहीतर नारिंगी ठिपका येतो, माईक चालू आहे एवढं कळतं, तो काय ऐकतोय ते नाही. या कामासाठी अ‍ॅपच्या हातात कच्चा आवाज द्यायचीच गरज नाही, फोनच्या सिस्टिमनेच तो दोनचार सेकंद ऐकावा, त्यातली 32 बाईटची की काढावी आणि तेवढीच अ‍ॅपला द्यावी. हे अँड्रॉइड नि आयफोनवाल्यांना जड नाही, त्यांना कुणी तसं सांगायला हवं, आणि ते सांगायची ताकद एकट्या झेरॉक्सवाल्यात नाही.

सुरुवात मात्र दुकानापासून नको, आपले सरकार सेवा केंद्रापासून करावी. तिथे माणूस स्वखुशीने जात नाही, दाखल्याशिवाय अ‍ॅडमिशन अडतं म्हणून जातो, आणि तिथेही कागद व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात. केंद्र चालवायला देताना सरकार दरपत्रक लावण्यासारख्या अटी घालतंच, त्यात एक अट वाढवली की नागरिकाचे कागद खाजगी नंबरवर मागवायचे नाहीत, केंद्राच्या कॉम्प्युटरवर जवळून घ्यायची सोय ठेवायची, तर काय बिघडेल? खर्च म्हणजे एक स्पीकर आणि एक फुकटचं सॉफ्टवेअर.

आणि तरीही एक प्रश्न आवाजाने सुटत नाही, तो आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी तोंडावर मारायला नको. फाईल योग्य कॉम्प्युटरवर पोचली, पुढे काय? तो मुलगा ती सेव्ह करून ठेवू शकतोच. कुलूप कितीही भारी असलं तरी चावी त्याच्याकडे आहे. त्यामुळे घेणाऱ्या बाजूच्या सॉफ्टवेअरने फाईल तात्पुरत्या मेमरीत घ्यावी, प्रिंटरला द्यावी आणि टाकून द्यावी, डाउनलोड्समधे उतरवूच नये. ज्याला मुद्दाम चोरायचंय तो स्क्रीनचा फोटो काढेल, त्याला कुणी अडवू शकत नाही, पण आजचे नव्वद टक्के कागद चोरीने नाही तर निव्वळ आळसाने पडून राहतात असा माझा अंदाज आहे. 2023 चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची. झेरॉक्सच्या दुकानात ते काम प्रिंट हातात पडली त्या सेकंदाला संपतं. कायद्याच्या भीतीने कुठलाच दुकानदार रोज रात्री फोल्डर साफ करत बसणार नाही. फोल्डरच नसेल तर त्याचाही त्रास वाचेल, आणि उद्या पोलिस चौकशीला आले तर "माझ्याकडे कुणाचं काहीच नसतं साहेब" असं तो खरं सांगू शकेल.